भावजींचा रेग्युलेटर मालवणच्या टाकीला बसेल का?

ठाण्यात कासारवडवलीला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. चाळिशी ओलांडलेली, बँकेत नोकरी. अंदमानात सुट्टीवर असताना त्यांनी ओपन वॉटर हा स्कूबा डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स केला आणि पाण्याची गोडी लागली. आता वर्षातून दोन-तीनदा मालवणला आणि जमलं तर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर जायचा विचार आहे. मस्कतला असलेले त्यांचे दीर स्वतःचा वापरलेला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाला योग्य दाबाने तोंडापर्यंत पोचवणारं साधन, आणि सोबत एक सिलिंडरही (हवेची टाकी) द्यायला तयार आहेत. रेग्युलेटर डिन जोडणीचा, म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी पिळून बसणारा, त्यावर ३०० बार (बार हे दाबाचं माप) कोरलेलं. डायव्हिंगच्या ग्रुपमधले काही जण म्हणतात, डिनच सुरक्षित, डोळे झाकून घे. काही म्हणतात, आपल्याकडे सगळीकडे योक, म्हणजे चौकटीने आवळायची जोडणी, हा बसणारच नाही. शिवाय पाण्याखाली जोडीदाराला हवा द्यायची वेळ आली तर पंचाईत. यजमानांचं म्हणणं, वागळे इस्टेटमध्ये लेथवर हवा तो जोड करून मिळेल, नवीन कशाला घ्यायचं? एकोणीस वर्षांच्या मुलालाही याच रेग्युलेटरवर शिकायचं आहे. ‘नको म्हटलं तर भावजींना वाईट वाटेल आणि घेतला तर मनात धाकधूक. काय करू?’ असं त्या विचारतात.

ताई,

वागळे इस्टेटचा विषय आधी संपवते, कारण बाकी सगळं सावकाश ठरवता येईल. तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही, आटे पाडणं हे त्यांचं रोजचं काम. पण भरलेल्या टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोनशे किलो. टाकीच्या तोंडावरच्या ओ-रिंगच्या, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, आतला गोल सव्वा चौरस सेंटिमीटरचा धरला, तरी तेवढ्याशा जागेवर अडीचशे किलोचा भार येतो, आणि तोही तुमच्या मानेमागे, वीतभर अंतरावर. धातू कोणता, आटे किती खोल, ओ-रिंगची खाच किती रुंद, हे ठरवून आणि दाबाखाली तपासून कंपन्या हा जोड बनवतात. नमुना बघून केलेला तुकडा पहिल्या दिवशी बसेल, गळणारही नाही. तो सोडणार कधी, हे मात्र बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. हा पर्याय पूर्ण बाद. हा परिच्छेद घरी वाचून दाखवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. डिन चांगला आणि योक कमअस्सल, किंवा डिन बाहेरचा आणि योक आपला, अशी विभागणी ग्रुपने तुमच्यासमोर मांडली आहे. मला ती पटत नाही. दोन्ही जोडण्या नीट काम करतात. फरक कुठे आहे तो कळला की निम्मी काळजी आपोआप जाईल.

योकमध्ये, म्हणजे ज्याला काही जण ए-क्लॅम्प म्हणतात त्यात, धातूची एक चौकट व्हॉल्व्हवरून खाली सरकते आणि मागचा स्क्रू पिळला की फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा टाकीला लागणारा भाग, व्हॉल्व्हच्या तोंडावर दाबून बसते. हवा अडवणारी ओ-रिंग असते टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये. घरच्या गॅसचं आठवा: रबरी रिंग सिलिंडरच्या तोंडात असते आणि ती चिरली असेल, तर तुमचा रेग्युलेटर कितीही चांगला असो, वास येतोच. योक वापरताना ज्या ओ-रिंगच्या भरवशावर तुम्ही खाली जाता ती टाकी देणाऱ्या डायव्हिंग सेंटरची असते. डिनमध्ये उलट. तिथे फर्स्ट स्टेजलाच आटे असतात, ती व्हॉल्व्हच्या आत पिळत जाते आणि ओ-रिंग तिच्या नाकावर, म्हणजे तुमच्या मालकीची, तुम्ही रोज पुसलेली. शिवाय ती चहूबाजूंनी धातूत कोंडलेली असते. बोटीच्या कडेवर किंवा खडकावर फर्स्ट स्टेज जोरात आपटली, तर योकची रिंग फटीतून बाहेर ढकलली जाऊ शकते. डिनच्या रिंगला जायला जागाच नसते. बुडालेल्या जहाजात किंवा गुहेत शिरणारे लोक डिनचा आग्रह धरतात तो यासाठी. तुमचे डायव्ह मोकळ्या पाण्यातले, १८ मीटरच्या आतले आहेत. तिथे चांगली ओ-रिंग असलेला योक पुरेसा आहे, आणि जगभरात रोज असंख्य लोक तो वापरतात.

‘३०० बार’ या आकड्याचाही तुमच्या मनावर थोडा परिणाम झालेला दिसतो. तो आकडा रेग्युलेटरची सोसण्याची ताकद सांगतो, तुम्हाला किती हवा मिळणार ते नाही. हवा टाकीत असते. आपल्याकडे जी ॲल्युमिनियमची ‘८०’ टाकी सर्रास दिसते ती ११.१ लिटरची, २०७ बारपर्यंत भरायची. त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. योकची मर्यादा २३२ बार. म्हणजे या टाकीसाठी योकही पुरतो, डिनही.

डिनमध्ये मात्र दोन प्रकार आहेत. २०० किंवा २३२ बारच्या रेग्युलेटरला पाच आटे असतात, ३०० वाल्याला सात. सात आट्यांचा दोन्ही प्रकारच्या डिन व्हॉल्व्हमध्ये बसतो. पाच आट्यांचा ३०० बारच्या खोल व्हॉल्व्हमध्ये तळापर्यंत पोचत नाही, हवा धरत नाही, आणि हे मुद्दाम तसं ठेवलं आहे, कमी दाबाची वस्तू जास्त दाबाला लागू नये म्हणून. भावजींना आटे मोजून फोटो पाठवायला सांगा. सात असतील तर तुमच्याकडे दोन्हींना चालणारा प्रकार आहे. त्यांनाच आट्यांचा बाहेरचा व्यासही मोजायला सांगा. नेहमीच्या डिनचा जवळपास २३ मिलिमीटर येतो. २६ आला, तर तो युरोपातल्या नायट्रॉक्ससाठीचा, म्हणजे जादा ऑक्सिजनच्या हवेसाठीचा, वेगळा जोड आहे आणि इथल्या कुठल्याच साध्या व्हॉल्व्हला बसणार नाही. तसं निघालं तर गोष्ट तिथेच थांबते.

मग उरतो खरा प्रश्न: तुम्ही जिथे उतरणार तिथल्या टाकीवर कोणता व्हॉल्व्ह आहे? ग्रुपमध्ये यावर कितीही चर्चा झाली तरी उत्तर ज्याची टाकी त्याच्याकडेच आहे. तेव्हा ज्या सेंटरकडून जाणार त्यांना फोन करा आणि व्हॉल्व्हचा समोरून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. फोटोत काय बघायचं ते सांगते. सपाट तोंड, मध्ये बारीक भोक आणि त्याभोवती ओ-रिंग दिसली, तर तो निव्वळ योक. त्याच सपाट तोंडाच्या मधोमध षटकोनी खळगा दिसला, तर आत स्क्रूसारखा बसवलेला इन्सर्ट आहे. ॲलन कीने तो काढला की आत डिनचे आटे मिळतात. आणि तोंड उघडंच, आत खोल आटे दिसत असतील, तर तो निव्वळ डिन. इन्सर्टवाला व्हॉल्व्ह असेल तर पुढचा प्रश्न विचारा: आदल्या दिवशी सांगितलं तर इन्सर्ट काढून द्याल का? काही सेंटर आनंदाने देतात. काही नाही म्हणतात, आणि त्यांचं कारण रास्त असतं. इन्सर्ट काढलेली टाकी बोटीत आडवी पडली आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला मार बसला, तर गोलाई जाते आणि मग त्यात कुठलाच डिन फिरत नाही. कित्येकदा इन्सर्ट मिठाने जाम होऊन निघतही नाही. तो स्वतः काढायला जाऊ नका, ते काम सेंटरच्या माणसाचं. टाकीचा नॉब बंद आणि रेग्युलेटर लावलेला नाही, हे पाहिल्याशिवाय तोही त्याला हात लावणार नाही.

बहुधा उत्तर येईल की योक आहे, किंवा इन्सर्ट आहे पण काढणार नाही. मग तुमच्यापुढे तीन वाटा राहतात.

पहिली, डिनवर चढवायचा योक ॲडॉप्टर. रेग्युलेटर बनवणाऱ्या कंपनीचा किंवा तितक्याच विश्वासाचा घ्यायचा, ऑनलाइन स्वस्तात मिळणारा बिननावाचा पितळी तुकडा नाही. ॲडॉप्टर लावल्यावर अख्ख्या जोडाची मर्यादा २३२ बारवर येते, मग रेग्युलेटरवर ३०० लिहिलेलं असो. फर्स्ट स्टेज थोडी पुढे येते आणि मान वर केली की डोक्याला लागते. टाकी पट्ट्यात बोटभर खाली सरकवली की तो त्रास जातो. सांधा एक वाढतो, म्हणजे गळण्याची जागाही एक वाढते, त्यामुळे त्याची ओ-रिंगही दर वेळी बघायची. आणि तुतारीने रात्रभर प्रवास करून कुडाळला उतरल्यावर ॲडॉप्टर घरच्या कपाटात राहिल्याचं लक्षात आलं, असं होऊ नये. तो रेग्युलेटरच्या पिशवीतच राहू द्या, कायमचा.

दुसरी वाट, टेक्निशियनकडून रेग्युलेटरचा पुढचा भाग बदलून तो कायमचा योक करून घेणं. बऱ्याच मॉडेलना कंपनीचा सुटा भाग मिळतो. फक्त मालवणलाच जाणार असाल तर हे नीटनेटकं. तिसरी, भावजींचा रेग्युलेटर न घेता इथेच नवीन योक घेणं. मला विचाराल तर पहिली. डिन राहू द्या, त्यावर चांगला ॲडॉप्टर घ्या. उद्या भावजींकडे मस्कतला गेलात तर ॲडॉप्टर काढून तोच रेग्युलेटर वापरता येईल. मात्र हे सगळं रेग्युलेटर स्वतः धडधाकट असेल तरच, आणि ग्रुपमधल्या चर्चेत नेमकं हेच कोणी विचारलेलं दिसत नाही.

त्याआधी जोडीदाराला हवा देण्याची भीती दूर करते, कारण ती पूर्णपणे गैरसमजातून आलेली आहे. पाण्याखाली कोणी कोणाचा फर्स्ट स्टेज टाकीवरून काढत नाही. हवा संपलेल्या माणसाला तुम्ही ऑक्टोपस देता, म्हणजे तोंडात धरायची जादाची सेकंड स्टेज. तुमचा जोड डिन आणि त्याचा योक असला तरी तोंडात धरायचा भाग सारखाच. ऑक्टोपस कुठे अडकवला आहे, त्याचा होज, म्हणजे नळी, पुरेसा लांब आहे का आणि तुम्ही दोघांनी उतरण्याआधी एकदा सराव केला का, इथे लक्ष द्या. बीसीडीला, म्हणजे पाण्यात तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटला, हवा भरणाऱ्या होजचं टोक मात्र तपासून घ्या. बहुतेक टोकं एकाच मापाची असतात, पण काही बीसीडींना मोठ्या तोंडाचं लागतं. सेंटरची बीसीडी घेणार असाल, तर खोलीवरच जोडून बघा.

आता रेग्युलेटर. तो हातात आला की टॉर्च घ्या आणि जोडाच्या तोंडातून आत बघा. तिथे धातूच्या बारीक कणांची एक छोटी गाळणी असते. ती स्वच्छ, चकचकीत असेल तर आनंद. हिरवट झाली असेल तर खारं पाणी आत गेलं आहे. तांबूस धूळ दिसली तर कधीतरी गंजलेल्या स्टीलच्या टाकीवर तो लागला होता. काळपट असेल तर कॉम्प्रेसरची हवा घाणेरडी होती. वापरलेल्या रेग्युलेटरचा इतिहास मालकापेक्षा ही गाळणी जास्त खरा सांगते, आणि यात भावजींवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न येत नाही. टाक्या त्यांच्याही भाड्याच्याच असणार. मग होजच्या टोकांवरची रबरी टोपी मागे सरकवून आत चिरा आहेत का बघा. माउथपीसच्या दातांत धरायच्या जागा फाटलेल्या नाहीत ना, तेही. शेवटी फर्स्ट स्टेजवर तिची टोपी घट्ट बसवून, टाकी न जोडता, सेकंड स्टेजमधून हळू श्वास ओढा. काहीच हवा यायला नको. आली, तर कुठेतरी पडदा फाटला आहे किंवा झडप नीट बसत नाही.

हे सगळं ठीक निघालं तरी सर्व्हिस केल्याशिवाय वापरायचा नाही. बऱ्याच कंपन्या साधारण वर्षातून एकदा किंवा १०० डायव्हनंतर सर्व्हिस सुचवतात. रेग्युलेटर मागवण्याआधीच मॉडेलचं नाव कळवून मुंबई परिसरातल्या टेक्निशियनला विचारा की याचे सुटे भाग मिळतात का, आणि तो या कंपनीचं काम करतो का. नाही म्हणाला तर माझं मत बदलेल. सुटे भाग न मिळणारा फुकटचा रेग्युलेटर घेण्यापेक्षा सेंटरचा भाड्याने घेतलेला बरा. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं, तेव्हा सर्व्हिसला टाका आणि हंगाम सुरू होण्याआधी इथल्याच एखाद्या पोहण्याच्या तलावात प्रशिक्षकासोबत लावून बघा. समुद्रात पहिल्यांदा नको.

टाकीला जोडताना एक सवय लावून घ्या. आधी व्हॉल्व्हची ओ-रिंग बोटाने चाचपा. चिर, वाळू, चपटेपणा कळतो. योकच्या व्हॉल्व्हला लागणारी रिंग ०१४ मापाची, कडक रबराची असते. चार-पाच पिशवीत ठेवा. तुमच्या डिनच्या रिंगचं माप कंपनीप्रमाणे बदलतं, ते टेक्निशियनकडून लिहून घ्या. स्क्रू बोटांनी घट्ट, एवढंच. हवा रिंग अडवते, मनगटाचा जोर नाही. फार पिळलंत तर नंतर सोडवताना त्रास. गेजची, म्हणजे टाकीतला दाब दाखवणाऱ्या मापकाची, काच स्वतःपासून आणि इतरांपासून दुसरीकडे वळवून नॉब सावकाश उघडा. पूर्ण उघडा. पूर्वी पाव फेरा मागे घ्यायला शिकवत, पण उघडा की बंद यात गोंधळ होऊन जवळजवळ बंद व्हॉल्व्हवर लोक पाण्यात उतरल्यामुळे आता बरेच प्रशिक्षक पूर्ण उघडायला सांगतात. मग गेजकडे बघत चार-पाच मोठे श्वास घ्या. काटा जागचा हलता कामा नये. प्रत्येक श्वासाला तो खाली झुकून परत येत असेल तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही, किंवा वाटेत काहीतरी अडतंय. त्या दिवशी बोटीवर कितीही घाई असो, मागे लोक ताटकळत असोत, थांबा आणि सांगा.

डायव्ह झाल्यावर नॉब बंद करा, सेकंड स्टेजचं बटण दाबून काटा शून्यावर आणा, मगच जोड सोडवा. टोपी कोरडी पुसून लावा आणि त्यानंतर गोड्या पाण्यात धुवा. धुताना सेकंड स्टेजचं बटण दाबायचं नाही, त्याने झडप उघडते आणि पाणी होजमधून वर चढतं. मघाची हिरवी गाळणी अशाच छोट्या चुकांतून तयार होते.

सिलिंडरबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे: घेऊ नका. दाबाखालचे सिलिंडर आपल्याकडे ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ खाली येतात, त्यांच्या मंजुरीचं काम नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्र सरकारची संस्था बघते, आणि मंजुरीशिवाय बाहेरून आणलेला सिलिंडर देशात आणणं आणि इथे भरून घेणं, दोन्ही अवघड. ठरावीक मुदतीत पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते ती वेगळीच. सुरक्षेचा मुद्दा याहून मोठा आहे. टाकीच्या मानेतले आटे, ज्यात व्हॉल्व्ह बसतो, तेही एकसारखे नसतात. अमेरिकी पद्धतीच्या टाकीत पाऊण इंची आटे असतात, युरोपी टाकीत २५ मिलिमीटरचे. एकाचा व्हॉल्व्ह दुसऱ्यात थोडाफार फिरतो, बसल्यासारखा वाटतो, आणि भरताना दाब चढला की गोळीसारखा सुटतो. अशा अपघातांत माणसं गेली आहेत. कधी कोणी जुन्या टाकीवर दुसरा व्हॉल्व्ह लावून देतो म्हणालं, तर दोन्हींवर कोरलेले आट्यांचे आकडे जुळल्याशिवाय तिथे उभ्याही राहू नका.

भावजींचं राहिलं. त्यांना वाईट वाटेल असं तुम्ही धरून चालला आहात, पण जो माणूस स्वतः डायव्ह करतो त्याला हे प्रश्न नवे नाहीत. आट्यांचा फोटो, मॉडेलचं नाव आणि शेवटच्या सर्व्हिसची तारीख मागितलीत, तर वहिनी मनावर घेऊन करतायत असंच त्यांना वाटेल. सरळ सांगा: ‘भावजी, रेग्युलेटर आनंदाने घेते, इथे सर्व्हिस झाली की वापरते. सिलिंडर मात्र तिकडेच राहू द्या, इथे भरून मिळणार नाही.’ सर्व्हिस आणि ॲडॉप्टरचा खर्च धरून तुमच्या ट्रिपा खरंच वर्षातून दोन-तीन होणार आहेत का, याचाही घरी बसून हिशेब करा. एखादीच होणार असेल, तर भाड्याचं साहित्य हा कमीपणा नाही, उलट त्या सेंटरच्या टाकीला बसेल असंच ते असतं.

मुलाला या रेग्युलेटरवर शिकवू नका. नव्या माणसाला ओळखीच्या, प्रशिक्षकाने स्वतः तपासलेल्या साहित्यावरच शिकू द्यावं. काही बिघडलं तर सांभाळायला प्रशिक्षकाला ते साहित्य हातासरशी माहीत असावं लागतं. एमटीडीसीच्या तारकर्लीच्या केंद्रात किंवा जिथे कोर्स करेल तिथे सगळं मिळतं. त्याला काही घेऊन द्यायचंच असेल, तर त्याच्या चेहऱ्याला बसणारा मास्क घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने हलका श्वास ओढला की मास्क तिथेच चिकटून राहिला पाहिजे. दुकानात त्याला सोबत नेलंत तरच ते कळेल.